परमुलखातील उमेदवारी

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्र ते ओळखतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. त्याआधी ह्या गावाचा उल्लेख परभणी जिल्ह्यातील नर्सी असाच होत असे. नामदेवांचा परंपरागत जन्मकाळ इ. स. १२७० हा. त्यांचे कुळ शिंप्याचे. ह्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी त्यांना गुरूपदेश केला, अशी वारकरी परंपरा आहे.

कोणत्याही कारागिरीत आधी उमेदवारी करावी लागते. शिंप्याचा मुलगा प्रथम उसवायला शिकतो, मग टाके घालायला; कापडाला कात्री लावण्याचा मान त्याला फार उशिरा मिळतो. हे झाले आपल्या घरच्या कसबाविषयी. पण माणूस परमुलखात जाऊन तेथील कसब शिकू लागला, की त्याला आणखी एक गोष्ट आधी करावी लागते. आपण जाणते आहोत हा अभिमान त्याला उंबरठ्याबाहेर ठेवावा लागतो.

नामदेव उत्तरायुष्यात पंजाबात गेले आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले, असे परंपरा सांगते. अभंगाची घडण त्यांना घरचीच होती. परंतु तेथील लोकांशी बोलायचे तर त्यांच्या बोलीत आणि त्यांच्या पदांच्या चालीत बोलायला हवे होते. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावाची एकसष्ट पदे आहेत. त्यांपैकी एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची अवजारेच भक्तीची साधने होऊन येतात. बोली बदलली, चाल बदलली. हातातली सुई मात्र नर्सीचीच राहिली. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते ह्याच नात्याने.

आदिग्रंथ सिद्ध झाला त्यानंतर बाराच वर्षांनी, १६१६ साली, गोव्यातील राशोल येथे एक मराठी ग्रंथ छापून झाला. त्याचा कर्ता इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु त्यांच्याकडे ‘महाकवी’ म्हणून पाहताना आपण त्यांची उमेदवारी विसरतो.

स्टीफन्स ह्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशायरमध्ये झाला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक श्रद्धा बाळगणे धोक्याचे होते. त्यांचा जिवलग मित्र थॉमस पाउंड तुरुंगात पडला. स्टीफन्स रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि ऑक्टोबर महिन्यात ते गोव्यास उतरले. पुढील जवळजवळ चाळीस वर्षे, १६१९ मधील मृत्यूपर्यंत, ते मुख्यतः साष्टी प्रदेशात राहिले. मायदेश त्यांना पुन्हा दिसला नाही.

१५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात ह्या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असे त्यांनी नोंदविले. विल्यम जोन्सने संस्कृतविषयी हेच म्हणण्याच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद आहे. आल्यावर चार वर्षांतच त्यांचा कान इतका तयार झाला होता. तरी ‘ख्रिस्तपुराण’ छापून यायला आगमनापासून सदतीस वर्षे लागली.

ह्या काळात ते काय शिकत होते? ओवी शिकत होते. ‘ओवी’ हा शब्द ‘ओवणे’ ह्या क्रियापदाशी जोडला जातो. जात्यावरची ओवी बायकांच्या कंठातली. ग्रंथातली ओवी ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरीत प्रौढ केली. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक, चौथा चरण आखूड आणि मोकळा, अक्षरांची संख्या सैल. वरवर पाहता हे फार सोपे वाटते. पण अक्षरे मोजून ओवी साधत नाही. ती कानाने साधते. ज्याने ती ऐकत ऐकत मुरविली नाही, त्याचा चौथा चरण नेमका लंगडतो.

स्टीफन्स ह्यांचा कान उत्तम तयार झाला होता, ह्याची साक्ष सुमारे अकरा हजार ओव्या देतात. मराठीची थोरवी सांगताना ते फुलांतील, सुगंधांतील, पक्ष्यांतील आणि वृक्षांतील श्रेष्ठांचे दृष्टांत एकामागून एक मांडतात. ही रीत थेट मराठी पुराणकारांची. स्वर्गाला ते ‘वैकुंठ’ म्हणतात. पैठणला एकनाथ ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करीत होते त्या १५८४ साली हा परदेशी साष्टीत मराठी गिरवीत होता. भाषा एकच होती, आणि तिने दोघांनाही दार उघडले.

त्यांना हे कसब कोणी शिकविले? शिक्षकांची नावे इतिहासाने जपली नाहीत. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कोकणी व मराठी कथा रोमन लिपीत उतरविलेल्या जुन्या पोथ्या आहेत. मिशनऱ्यांच्या अभ्यासासाठी त्या तयार झाल्या, हे उघड आहे. ते शब्द कोणी तरी सांगितले आणि कोणी तरी ऐकून लिहिले. सांगणारा उस्ताद अनाम राहिला.

येथे इतिहासाची दुसरी बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना असोळण्यास बोलावून सरकारने ठार केले. नवख्रिस्ती लोकांना जुन्या पोथ्या वर्ज्य झाल्या होत्या. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच प्रसंग आहे: एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की, पूर्वीची पुराणे आम्हांस बंद केलीत, तर त्यांच्या जागी काही का देत नाही? ग्रंथाचा जन्म ह्या प्रश्नातून झाला. श्रद्धेपायी मायदेशाला मुकलेला माणूस येथे सत्तेच्या बाजूला उभा होता. ज्या लोकांच्या पोथ्या गेल्या, त्यांच्याकडूनच तो पोथी रचण्याचे कसब शिकला. हे ऋण आहे, आणि स्टीफन्सविषयीचा आदर बाळगूनही आपण ते मान्य केले पाहिजे.

हे ऋण त्यांनाही जाणवत असावे. १६०८ साली त्यांनी येशूसंघाच्या प्रमुखांना पत्र लिहून देवनागरी खिळे पाडण्याची परवानगी मागितली. ते काम झाले नाही. ग्रंथ रोमन अक्षरांतच छापला गेला. त्यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, प्रसिद्ध झाले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील छापील प्रती आज हाती लागत नाहीत. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत. गोवा सोडून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी तो बरोबर नेला. १७८४ मध्ये टिपूने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना बंदी करून श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हा त्या बंदिवासात ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्यांनी धीर दिला, अशी तेथील परंपरा आहे. १९०७ साली मंगळूरलाच जे. एल. सालढाणा ह्यांनी ग्रंथ पुन्हा छापला, तोही हस्तलिखितांवरून. एका परदेशी माणसाने शिकलेले मराठी कसब अशा रीतीने परमुलखात गेलेल्या साध्या कुटुंबांनी जिवंत ठेवले.

आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले आखाती देशांत, इंग्लंडमध्ये, कॅनडात राहतात. तेथील भाषा व तेथील कसब त्यांनी मनापासून शिकावे. नामदेवांनी व स्टीफन्स ह्यांनी तेच केले. पण शिकविणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे, आणि घरची सुई हरवू देऊ नये. चाळिसाच्या दिवसांत घरात चार ओव्या मोठ्याने वाचल्या जाव्यात. मुलांना अर्थ लगेच कळला नाही तरी चालेल. स्टीफन्स ह्यांनाही पहिल्या वर्षी तो कळला नव्हता. ते आधी ऐकत राहिले.