मार्तँ, फ्रांक

(१५ सप्टेंबर १८९०–२१ नोव्हेंबर १९७४). स्विस संगीतरचनाकार. जन्म जिनीव्हा येथे एका कॅल्व्हिनपंथी धर्मोपदेशकाच्या घरी. दहा भावंडांत तो धाकटा. बालपणी ऐकलेल्या बाखच्या सेंट मॅथ्यू पॅशनचा ठसा त्याच्या मनावर कायम राहिला. काही काळ त्याने गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. संगीताचे शिक्षण मात्र झोझेफ लाउबर याच्याकडे खाजगी रीत्या घेतले.

त्याची सर्वश्रेष्ठ वृंदगान-रचना म्हणजे दुहेरी गायनवृंदासाठी रचलेला वाद्यसाथविरहित ‘मास’. त्याचे पहिले चार भाग १९२२ मध्ये व अखेरचा ‘आन्यूस देई’ (देवाचे कोकरू) हा भाग १९२६ मध्ये पूर्ण झाला. तथापि ही बाब आपल्या व ईश्वराच्या दरम्यानची आहे, लोक तिची परीक्षा केवळ कलाकृती म्हणून करतील, या विचाराने त्याने ती सुमारे चाळीस वर्षे अप्रकाशित ठेवली. १९६३ मध्ये हँबर्ग येथे ती प्रथम गाइली गेली. कॅल्व्हिनपंथीयाने कॅथलिक उपासनेची लॅटिन संहिता निवडावी, हेही लक्षणीय होय. आरंभी एकाच स्वरपंक्तीत उमटणारी धून प्राचीन चर्चगायनाची आठवण करून देते. हळूहळू तिच्याभोवती इतर आवाज गुंफले जातात. ‘आन्यूस देई’मध्ये एक वृंद संथ, समगतीचे स्वरमेळ आळवीत राहतो व दुसरा त्यावरून एकमुखाने धून गातो. भव्यतेचा आव कोठेही नाही.

लयीच्या प्रश्नांकडे तो वळला व एमील झाक-दालक्रोझ याच्या संस्थेतही त्याने कार्य केले. प्राचीन, भारतीय व बल्गेरियन लयींचे प्रयोग त्याने केले. पियानो, व्हायोलिन व चेलो यांसाठीच्या आयरिश लोकधुनांवरील त्रयीत (१९२५) धुनांचे गोडवे न गाता लयींचीच गुंफण केलेली आहे. शनबर्गची द्वादशस्वरी पद्धती त्याने पुढे अभ्यासिली. पण स्वराधार सोडला नाही. या समन्वयाचे परिपक्व रूप ल व्हँ एर्बे (१९३८–४१) मध्ये आढळते. ट्रिस्टन व इसोल्ड यांची कथा येथे बारा गायक, सात तंतुवाद्ये व पियानो एवढ्याच सामग्रीवर उभी आहे. वाग्नरच्या प्रचंड वाद्यवृंदानंतर हा संयम धाडसाचाच म्हणावा लागेल.

१९४६ पासून तो नेदर्लंड्समध्ये राहिला व नार्डन येथे निधन पावला. ए ला व्ही लांपोर्ता (‘आणि जीवनाची सरशी झाली’) या अखेरच्या चेंबर-कॅन्टाटाचे अपुरे वाद्ययोजन बेर्नार रेशेल याने पूर्ण केले.