माहितीपट भिडतो तो कशामुळे?

माहितीपट भिडतो, कारण त्यात वास्तव जसंच्या तसं असतं; म्हणून दिग्दर्शकाने मध्ये येऊ नये, बाजू घेऊ नये. हा पूर्वपक्ष परीक्षणांतून आणि फिल्म सोसायटीतल्या खेळानंतरच्या चर्चांतून आज जवळजवळ सिद्धान्तासारखा मांडला जातो. त्यामागची भावना मला समजते. सरकारी प्रचार आणि वाहिन्यांचा आरडाओरडा सोसलेल्या माणसाला कुणाचाही हात न लागलेलं सत्य हवंसं वाटणारच. पण हे मत मान्य केलं, तर ज्या माहितीपटांवर आपण जीव टाकतो, त्यांचंच मोठेपण सांगता येत नाही.

रॉबर्ट फ्लाहर्टीचंच पाहा. कॅनडाच्या उत्तरेकडे इन्युइट लोकांमध्ये राहून त्याने बरंच चित्रण केलं होतं. 1916 साली त्याची मूळ फिल्म आगीत जळाली. एक प्रत वाचली होती. ती लोकांना दाखवल्यावर ती कंटाळवाणी आहे असं त्याचंच मत झालं: दृश्यामागून दृश्य, धागा कुठेच नाही. तो परत गेला, या खेपेस एक कुटुंब मध्यभागी ठेवलं, आणि 1922 साली ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ आला. तो जगभर गाजला. माणसं त्याच मुलखातली, बर्फ तोच, कॅमेरा धरणाराही तोच. नुसत्या वास्तवाने प्रेक्षक हलत असता, तर जळालेल्या चित्रणाच्या त्या प्रतीनेही हलला असता.

यावर पूर्वपक्ष म्हणेल, की ‘नानूक’मध्ये खोटेपणाही आहे. तो आहेच. बंदुका वापरणाऱ्या माणसांना फ्लाहर्टीने जुन्या पद्धतीने भाल्याने शिकार करायला लावलं, आणि आत उजेड यावा म्हणून इग्लू अर्धंच बांधून घेतलं. पण रचना आली की असत्य आलंच, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्याचा निर्णायक प्रतिवाद नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या, क्लोद लान्झमनच्या ‘शोआ’ने (1985) केला आहे. नऊ तासांहून मोठ्या या चित्रपटात छळछावण्यांचं जुनं चित्रण एकही नाही. ‘जसंच्या तसं’ म्हणता येईल तो पुरावा दिग्दर्शकाने जाणूनबुजून दूर ठेवला. ट्रेब्लिंकाच्या छावणीत गॅसच्या कोठडीत बायकांचे केस कापायला लावलेला अब्राहम बोम्बा यात बोलतो. त्याने न्हाव्याचा धंदा सोडला होता. लान्झमनने तेल अवीवमध्ये सलून भाड्याने घेतलं, त्याच्या हातात कात्री दिली, आणि एका गिऱ्हाइकाचे केस कापता कापता त्याला बोलतं केलं. बोम्बा मध्येच थांबतो. मला नाही जमणार, म्हणतो. लान्झमन हळू पण ठाम आवाजात आग्रह धरतो, आणि बऱ्याच वेळाने बोम्बा पुन्हा बोलू लागतो. प्रसंग सगळा मांडलेला आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. फ्लाहर्टीच्या मांडणीने त्या माणसांच्या तोंडी त्यांचं नसलेलं जगणं घातलं. लान्झमनच्या मांडणीने साक्षीदाराला त्याच्याच सत्यापाशी नेलं. भेद करायचा तो इथे. असं दडपण माणसावर आणावं का, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो हलका नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाजू घेणं चालणार असेल, तर लेनी रीफेनश्टालच्या नाझी प्रचारपटाला नाकारायचं कशाच्या आधारावर? माझं उत्तर असं: चित्रपटातलं कुणी चित्रपटकर्त्याला उलट बोलू शकतं का, हे पाहावं. न्यूरेंबर्गच्या मेळाव्यावरच्या ‘ट्रायम्फ ऑफ द विल’मध्ये विरोधाला तोंडच नाही. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये (1985) एक गरीब बाई खुद्द पटवर्धनांनाच फैलावर घेते: आमची चित्रं काढून आम्हाला काय मिळणार? त्यांनी तो प्रसंग कापला नाही. झोपडपट्टीवासीयांची बाजू घेणारा हा माणूस त्यांचा आपल्यावरचा रागही पडद्यावर ठेवतो. त्यांच्या बाजूवर माझा विश्वास बसतो तो यामुळे. कॅमेऱ्यामागे कुणी नाहीच असं भासवणाऱ्या चित्रपटाला असा जाब विचारायची सोयच राहत नाही.

आणि माहितीपट माहितीच्याच बळावर भिडतो असं कुणी म्हणेल, तर पटवर्धनांचाच ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) पाहा. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. ‘हमारा शहर’मध्ये गायलेले हेच शाहीर. तिथून पटवर्धन चौदा वर्षं या चित्रपटाच्या मागे होते. एवढ्या काळात त्यात गोळीबार, खटला, राजकारण्यांची बदलती भाषणं, कबीर कला मंचाचे तरुण गायक असं सगळं आलं, पण ते सगळं एका शाहिराच्या मरणाभोवती आणि आंबेडकरी गाण्याभोवती बांधलेलं आहे. भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, म्हणजे आंबेडकरी वस्तीतच, त्याचा जाहीर खेळ झाला. गोळीबाराची हकिगत, पुतळ्याचा अपमान, शाहिराचं जाणं या गोष्टी त्या वस्तीला कुणी नव्याने सांगायला नको होत्या. दिग्दर्शकापेक्षा तिलाच त्या जवळून ठाऊक होत्या. अशा प्रेक्षकासमोर तीन तासांचा चित्रपट उभा राहतो तो माहितीच्या बळावर उभा राहूच शकत नाही. आपल्या दुःखापाशी कुणीतरी चौदा वर्षं थांबलं आणि त्याची संगती लावली, हे त्या प्रेक्षकाला पडद्यावर दिसतं. ‘मध्ये येऊ नका’ हा सल्ला पटवर्धनांनी मानला असता, तर नेमकं हेच दिसलं नसतं.