कथेची कलाटणी आणि मांडवातला प्रेक्षक

चित्रपटगृहातून बाहेर पडणारी माणसे आपसांत काय बोलतात, याची नोंद चित्रपटांच्या इतिहासात सहसा सापडत नाही. कोणता बोलपट किती आठवडे चालला, कोणास कोणते पदक मिळाले, कोणत्या दिग्दर्शकाने कोणते तंत्र प्रथम वापरले, हे सारे लिहून ठेवलेले आहे. १९५९ साली प्रदर्शित झालेला ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, हा आकडा जाणकारांना तोंडपाठ असतो. परंतु त्या १३१ आठवड्यांत खेळ पाहून घरी परतणारे लोक कशावरून हमरीतुमरीवर आले, कथेतील कोणता भाग त्यांना पटला आणि कोणता घशाखाली उतरला नाही, हे कोणी टिपून ठेवले नाही. प्रेक्षकांचे बोलणे वाटेतच विरून जाते.

गोमंतकातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांपुरते बोलायचे, तर या विरून गेलेल्या बोलण्याचा थोडाफार माग काढता येतो. तेथील प्रेक्षक सिनेमासमोर येऊन बसला तो कोऱ्या मनाने नव्हे. कथा कशी पाहावी आणि तिच्यावर वाद कसा घालावा, हे तो त्यापूर्वी कित्येक पिढ्या जत्रेच्या मांडवात शिकत आला होता.

हे तालुके नव्या काबिजादींत मोडतात. १७८१ ते १७८८ या वर्षांत ते पोर्तुगीजांच्या हाती गेले. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत देवळांचा जो विध्वंस झाला, तो येथे झाला नाही. देवळे राहिली, त्यांच्याबरोबर जत्रा राहिल्या आणि जत्रांबरोबर रात्रभर चालणारे खेळही राहिले. पेडण्याच्या पलीकडे तेरेखोलची नदी, आणि तिच्या पैलतीरी सावंतवाडीचा मुलूख. राज्यकर्ते बदलले तरी दशावतारी मंडळींची वाट बदलली नाही. कार्तिकात तुळशीची लग्ने लागली की डोक्यावर पेटारे घेऊन ही मंडळी गावोगावच्या देवळांकडे निघत.

दशावतारी खेळाची एक गोष्ट नव्या प्रेक्षकास चमत्कारिक वाटेल. त्यात संहिता नसते. गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग आटोपला की मुख्य आख्यान उभे राहते. कोणते आख्यान करावयाचे आणि प्रवेश कोणत्या क्रमाने येतील, एवढेच मंडळीचा प्रमुख नटांना सांगतो. संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचावयाचे. रंगभूषा भडक, नेपथ्य म्हणून एक बाकडे. तेच सिंहासन, तोच पर्वत. आणि समोर बसलेल्या शेतकऱ्यापासून पुजाऱ्यापर्यंत प्रत्येकास कथेचा शेवट ठाऊक! जालंदराचा वध होणार, कीचक मरणार, हरिश्चंद्राचे सत्त्व टिकणार, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते. कथेला अनपेक्षित वळण देऊन प्रेक्षकाला चकित करणे हे जर नाटकाचे बळ मानले, तर दशावतारी खेळ पहिल्या घटकेलाच निर्बल ठरावयास हवा. तरीही माणसे पहाटेपर्यंत हलत नाहीत.

याचे कारण वृंदेच्या आख्यानात सापडते. वृंदेच्या पातिव्रत्यामुळे तिचा पती जालंदर अजिंक्य झालेला असतो. विष्णू जालंदराचेच रूप घेऊन तिच्यापुढे येतो. समोरचा पुरुष आपला पती नव्हे हे वृंदेला ठाऊक नसते. मांडवात मात्र पहिल्या रांगेतल्या पोरापासून मागच्या म्हातारीपर्यंत सर्वांना ते ठाऊक असते. सारा ताण येथे आहे. प्रेक्षक जाणता, पात्र अजाण. वृंदेला सत्य उमगते, ती देवाला शाप देते, आणि त्या क्षणी नटाला आपली सारी करामत पणास लावावी लागते. कारण शाप काय आहे हे सर्वांना माहीत असले, तरी तो देताना ही वृंदा देवाला काय विचारणार, हे कोणालाच माहीत नसते.

साहजिकच दुसऱ्या दिवशीचा वाद ‘पुढे काय झाले’ यावर होत नसे. देवाने एका पतिव्रतेला फसविले ते योग्य की अयोग्य, हा वाद. जगाच्या रक्षणासाठी केलेले कपट कपट राहत नाही काय, हा वाद. गेल्या वर्षाच्या वृंदेने विष्णूला निरुत्तर केले होते आणि यंदाची नुसतीच रडली, हाही वादच, आणि तो फार बारकाईचा. खेळाला गुण देण्याची रीतही तिथलीच. आवडलेल्या नटाला मांडवातच बक्षीस मिळे. सबंध खेळाचा निकाल मात्र वर्षभराने लागे. त्या मंडळीला पुढच्या जत्रेची सुपारी मिळाली की नाही, यावरून गावाचे मत कळत असे. दहापैकी किती, असे कोणी विचारले नाही. पण मत पक्के होते आणि ते वर्षभर कोणी विसरत नसे.

पोर्तुगीज अमदानीत, विशेषतः सालाझारच्या हुकूमशाहीच्या काळात, या बोलण्याला आणखी एक मोल होते. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, जाहीर सभांवर बंदी होती. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात ती बंदी मोडली, म्हणून तर तो दिवस इतिहासात गेला. राज्यकर्त्यांविषयी चार लोकांत उघड बोलणे धोक्याचे असताना कीचकाच्या उन्मत्तपणाविषयी बोलण्यास मात्र कोणाची हरकत नव्हती. ब्रिटिश मुलखात खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाचा अर्थ प्रेक्षकांनी कसा लावला आणि सरकारने १९१० साली त्यावर बंदी का घातली, हे प्रसिद्धच आहे. देवळाच्या मांडवात कीचक पाहणाऱ्याला तो अर्थ लावण्यासाठी नाटककाराची मदत लागत होती, असे मानण्याचे कारण नाही.

पडद्यावरच्या कथेने आरंभी या प्रेक्षकाला मुळीच धक्का दिला नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला मूकपट काढला तो ‘राजा हरिश्चंद्र’. एकोणीस वर्षांनी प्रभात कंपनीने मराठीतला पहिला बोलपट काढला तो ‘अयोध्येचा राजा’, म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच. दोन्ही वेळा नवे यंत्र लोकांपुढे आणताना गोष्ट मात्र सर्वांच्या ओळखीची निवडली गेली, यात व्यवहाराचे शहाणपण होते. कथेकडे लक्ष देण्याचे ओझे नसल्यामुळे प्रेक्षक चित्र हलते कसे, ते बोलते कसे, हे डोळे भरून पाहू शकला.

ओळखीची नसलेली गोष्ट हळूहळू आली. तिची तयारी संगीत रंगभूमीने केली होती. देवलांच्या १८९९ सालच्या ‘शारदा’ नाटकात म्हाताऱ्या वराशी लागणारे लग्न अखेरच्या घटकेला मोडते, ते वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस येते म्हणून. ही खरीखुरी कलाटणी. पण तीही शास्त्राच्या आधाराने आलेली, त्यामुळे प्रेक्षकाने टाळ्या वाजविल्या. १९३७ साली शांतारामांच्या ‘कुंकू’ या बोलपटात तसेच विजोड लग्न मोडत नाही. ते लागून गेलेले असते, नायिका ते मनाने मानीत नाही, आणि अखेरीस वृद्ध पती आपला प्राण देऊन तिला मोकळे करतो. ज्या ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून हा बोलपट झाला, तिचे नावच ‘न पटणारी गोष्ट’. म्हाताऱ्याने मरून प्रश्न सोडविला की टाळला, या प्रश्नाला धर्मशास्त्रात उत्तर नव्हते, आणि देवही मदतीला येणार नव्हता. मांडवातला वाद येथे थेट घरात शिरला.

पेडणे महालातल्या माणसाला सिनेमा पाहावयाचा म्हणजे बहुधा म्हापसा गाठावे लागे. शुक्रवारचा बाजार, जमल्यास एक खेळ, आणि मग शापोरा नदी ओलांडून परत. शिवोली आणि चोपडे यांच्या दरम्यान पूल होईपर्यंत ही वाट फेरीबोटीने जात होती. नदीकाठी ताटकळत उभ्या राहिलेल्या माणसांना बोलण्यासाठी वेळ भरपूर मिळे. चित्रपटचर्चेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नियतकालिकांबरोबर फेरीबोटींचाही विचार करावयास हरकत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६४ साली, राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. त्याची कथा जयवंत दळवींची. दळवींचे गाव आरवली, वेंगुर्ले तालुक्यातले, म्हणजे पेडण्याच्या जवळपास शेजारचेच. ज्या टापूत दशावतार घरोघर मुरलेला, तेथला हा लेखक, आणि त्याच्या कथेतून निघाला तो मराठीतील एक अव्वल रहस्यपट. पत्नीचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेल्या एका वकिलापुढे हुबेहूब तिच्याच रूपाची स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि मीच तुमची पत्नी असे सांगते. दोघांखेरीज कोणाला ठाऊक नसाव्यात अशा खुणाही ती पटविते. पुढे १९६६ साली राज खोसला यांनी याच कथेवर हिंदीत ‘मेरा साया’ काढला.

वृंदेच्या आख्यानाशेजारी ही कथा ठेवून पाहावी. तेथेही एकच रूप दोन ठिकाणी, येथेही. तेथेही पतिपत्नीच्या नात्याची ओळख पणास लागलेली, येथेही. फरक एवढाच की ‘पाठलाग’मध्ये प्रेक्षकाला काहीच माहीत नसते. जाणतेपण मांडवातून उठून कथाकाराच्या खिशात गेले. त्याबरोबर वादाचा विषयही बदलला. आता जो तो सांगू लागला की मला मध्यंतरालाच कळले होते. दुसरा म्हणू लागला की अमुक प्रसंगात धागा दिला होता, तिसरा म्हणू लागला की धागा न देता गाठ सोडविणे हा लबाडीचा खेळ आहे. हा वाद बुद्धीला चालना देणारा खरा, आणि दळवी-परांजपे यांनी तो प्रामाणिकपणे खेळला आहे. त्या आरोपी स्त्रीचे खरे स्वरूप साठ वर्षांनंतरही येथे सांगणे बरे नव्हे, यातच त्या चित्रपटाचे बळ दिसते. परंतु एकदा रहस्य कळले की हा वाद संपतो. वृंदेचा संपत नाही.

जुना प्रश्न मात्र मेला नव्हता. १९६६ साली फ्रँक फर्नांड यांनी काढलेला ‘निर्मोण’ हा कोंकणी चित्रपट टेनिसनच्या ‘ईनॉक आर्डन’ या काव्याच्या बीजावर उभा होता. दर्यावर्दी पुरुष बुडाला असे समजून घर त्याच्यावाचून जगावयास शिकते, आणि मग तो जिवंत असल्याचे निघते. गोमंतकात ही कल्पित गोष्ट नव्हती. बोटींवर गेलेले, मुंबईला गेलेले, वर्षानुवर्षे पत्र न आलेले पुरुष गावोगाव होते. पेडण्यात मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणारी घरे होती, तेथे हा चित्रपट पाहून कोणी ‘शेवट ओळखला’ म्हणून फुशारकी मारली असेल असे वाटत नाही. पत्नीचे चुकले की नशिबाचे, परतलेल्याने समोर यावे की मागच्या मागे निघून जावे, असा हा प्रश्न होता, आणि तो वृंदेच्याच जातीचा होता. पुढच्याच वर्षी ‘तकदीर’ या नावाने ही कथा हिंदीत गेली.

आज नदीवर पूल आहेत, आणि सिनेमा पाहण्यासाठी नदी ओलांडण्याचीही गरज उरलेली नाही. तो प्रत्येकाच्या हातातल्या यंत्रात आला. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, आणि डिचोलीचा तरुण सकाळी इराणचा नि संध्याकाळी पोलंडचा चित्रपट पाहून रात्री घरी जेवावयास येऊ शकतो. मत देण्याची रीतही सुटसुटीत झाली. पाच तारे, दहापैकी साडेसात, आणि शेवट कोणी आधी फोडला तर भांडण. गुण देण्यात गैर काही नाही. मांडवातही ते दिले जातच होते. पण तेथे गुण वादानंतर येत. आता कित्येकदा ते वादाऐवजी येतात, आणि कित्येकदा चित्रपट पाहण्यापूर्वीच दुसऱ्या कोणाचे येऊन पोहोचतात.

म्हणून २०२५ च्या सप्टेंबरात प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या मराठी चित्रपटाची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुबोध खानोलकर दिग्दर्शक, आणि दिलीप प्रभावळकरांनी रंगविलेला वृद्ध दशावतारी नट बाबुली मेस्त्री हा त्याचा नायक. कोकणातले रान, त्यावर आलेले खाणीचे संकट, आणि त्यात नटाचे सोंग रंगमंच सोडून रानात उतरते. डिचोलीच्या प्रेक्षकाला खाण म्हणजे काय हे पडद्यावरून शिकावयाचे नव्हते. त्या तालुक्याचे डोंगर लोहखनिजासाठी खणले गेले, २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. धूळ आणि रोजगार दोन्हींचा हिशेब तेथल्या घराघरांत मांडला गेला आहे. आणि पेडण्याच्या प्रेक्षकाला सोंगाचा प्रत्येक रंग ओळखीचा. असा प्रेक्षक चित्रपटातले वळण आधी ओळखता आले की नाही, एवढ्यावर थांबणार नाही. देवाचे रूप घेऊन माणसाने आपला हिशेब चुकता करावा काय, हे तो विचारणार. आणि जालंदराचे रूप घेतलेल्या विष्णूविषयी हाच प्रश्न त्याच्या आजोबांनी मांडवात विचारला होता, याची त्याला बहुधा आठवणही होणार नाही.