अझुसा स्ट्रीटच्या तबेल्यात

ह्यूस्टनमध्ये ट्राममध्ये चढलात की पहिला प्रश्न रंगाचा. साल १९०६, महिना जानेवारी. टेक्ससला माणसाचे दोनच प्रकार ठाऊक आहेत, गोरा आणि काळा. तुमचा गव्हाळ रंग पाहून कंडक्टर क्षणभर अडतो, मग हाताने मागची बाकं दाखवतो. वाद घालू नका. ज्याला भेटायला आपण आलोय त्याचीही जागा मागेच आहे.

गावात चार्ल्स पारहॅम नावाच्या गोऱ्या धर्मोपदेशकाने बायबलची शाळा काढलीय. वर्गात तुम्हाला कुणी घेणार नाही, तेव्हा बाहेरच्या बोळात थांबा. दार किलकिलं ठेवलंय आणि दाराशी बसून एक काळा माणूस कान देऊन ऐकतोय. वय पस्तीस, एक डोळा देवीच्या आजारात गेलेला. हा विल्यम सीमोर. लुइझियानातल्या सेंटरव्हिलचा, आई-बाप दोघंही गुलामीतून सुटलेले. इंडियानापोलिसमध्ये त्याने हॉटेलात वेटरचं काम केलंय. या शाळेची वाट त्याला लूसी फॅरोबाईंनी दाखवली. त्याही काळ्या, जन्माने गुलाम. पारहॅमच्या घरी मुलं सांभाळायच्या.

आत पारहॅम शिकवतोय की पेंटेकॉस्टला, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानानंतरच्या पन्नासाव्या दिवशी, प्रेषितांवर उतरला तोच पवित्र आत्मा आजही उतरतो, आणि कधी न शिकलेल्या भाषेत बोलणं ही त्याची खूण. आत्मा सर्व माणसांवर ओतला जाईल हे वचन शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला उंबऱ्याबाहेर बसवलंय, आणि त्यात काही वावगं आहे असं वर्गात कुणालाच वाटत नाही. तुम्हाला हे फार अनोळखी वाटायला नको. वर्गाबाहेर बसून शिकलेली मुलं आपल्याकडच्या शाळांनीही पाहिली आहेत.

फेब्रुवारीत सीमोरला लॉस एंजेलिसहून बोलावणं येतं. ज्युलिया हचिन्स नावाच्या बाईंनी सांता फे रस्त्यावर छोटी मंडळी चालवलीय, तिला पाळक हवा आहे. सीमोर जातो, पवित्र आत्मा आणि अन्य भाषा या विषयावर प्रवचन देतो. पुढच्या सभेला येतो तर दाराला कुलूप. बाईंना ती शिकवण पसंत पडलेली नाही. कुलूप लावणारी काळी मंडळी होती, हेही ध्यानात असू द्या. या हकिकतीत कुलुपं बरीच आहेत आणि ती एकाच रंगाच्या हातांनी लावलेली नाहीत.

बिऱ्हाड गेलेल्या सीमोरला एडवर्ड ली घरी ठेवून घेतो. ली एका बँकेत झाडलोट करतो. प्रार्थना सुरू होतात, मग माणसं वाढतात तशा त्या बॉनी ब्रे रस्त्यावरच्या २१४ क्रमांकाच्या घरी, रिचर्ड आणि रूथ अॅस्बेरी यांच्याकडे हलतात. ९ एप्रिलच्या संध्याकाळी या घरासमोर उभे राहा. आत लीच्या तोंडून अनोळखी शब्द फुटलेत आणि जेनी मूर ही तरुणी पियानोपाशी बसलीय. ती पियानो कधीच शिकलेली नाही, असं तिच्या बाजूच्यांचं म्हणणं. पुढच्या काही दिवसांत रस्ता माणसांनी भरतो. घरकाम करणाऱ्या बाया, हमाल, झाडूवाले आणि बातमी ऐकून आलेले गोरेही. सीमोर ओसरीवरून बोलतो. मग एके दिवशी ओसरीच गर्दीच्या वजनाने खाली बसते. कुणाला इजा होत नाही, पण मोठी जागा शोधणं आलंच.

मोठी जागा म्हणजे ३१२, अझुसा स्ट्रीट. चला.

आधी वास येतो. चाळीस बाय साठ फुटांची ही लाकडी इमारत एकेकाळी काळ्यांचं मेथडिस्ट चर्च होती. ते गेल्यावर वर भाड्याच्या खोल्या झाल्या आणि खाली तबेला नि सामानाचं कोठार. जमिनीवर लाकडाचा भुसा टाकलाय. खिळ्यांची पिंपं नि खोकी मांडून त्यांवर फळ्या आडव्या टाकल्या की झाली बाकं. छत बुटकं, माश्या भरपूर. व्यासपीठ नाही. मधोमध दोन लाकडी खोकी एकावर एक ठेवलीत आणि बाकं त्यांच्या चहूबाजूंनी. पुष्कळदा सीमोर वरच्या खोक्यात डोकं घालून प्रार्थना करत बसलेला असतो, पुढारी कोण हे नव्या माणसाला कळतही नाही.

कुठे बसू, असं तुम्ही विचाराल. जिथे जागा असेल तिथे. ह्यूस्टनहून आलेल्या तुमच्या अंगवळणी पडलेला प्रश्न इथे कुणी ऐकूनच घेत नाही. फळीवर तुमच्या एका बाजूला कपडे धुणारी काळी बाई, दुसऱ्या बाजूला गोरा व्यापारी, मागे मेक्सिकन जोडपं. अबुंदिओ आणि रोसा लोपेस हे तर पुढे इथलेच कार्यकर्ते होतात. पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं यावरून माणसाची इयत्ता ठरवणाऱ्या आपल्यासारख्यांना या फळीचं मोल वेगळं सांगायला नको.

एकाएकी कुणीतरी उठून भराभर बोलू लागतं. शेजारचा तुमच्या चेहऱ्याकडे पाहून उत्सुकतेने विचारतो, ही तुमची भाषा का? नाही म्हणा. मराठी नाही, हिंदुस्थानीही नाही. इथल्या बऱ्याच जणांची खरोखर अशी समजूत आहे की आत्म्याने दिलेली भाषा जगात कुठेतरी बोलली जातेच, आणि ती घेऊन थेट मिशनला निघावं. अल्फ्रेड गार नावाचा गोरा पाळक बंगाली मिळाली या भरवशावर पत्नीसह कलकत्त्याला पोचला आणि तिथे एका बंगाल्यालाही त्याचं बोलणं कळलं नाही. तरी तो परत फिरला नाही, तिथे राहून प्रवचनं करत राहिला. मला त्या मूळ दाव्यापेक्षा हे राहणं जास्त पटतं.

१७ एप्रिलच्या रात्री 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा बातमीदार येऊन जातो. तुम्ही त्याच्याच मागे बसला आहात. दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याने सभेची भरपूर थट्टा केलीय: वेडेपणा, किंचाळ्या, अगम्य बडबड. तोच अंक हातात पडतो त्या दिवशी, १८ एप्रिलला पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी, उत्तरेकडचं सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने कोसळलंय. घाबरलेल्या शहरात थट्टेची बातमीच जाहिरात ठरते. सकाळी दहाला सुरू झालेली सभा दुपारच्या सभेत मिसळते, दुपारची रात्रीच्या. सप्टेंबरपासून 'अपोस्टॉलिक फेथ' नावाचं पत्र फुकट वाटलं जाऊ लागतं. पहिल्या अंकाच्या पाच हजार प्रती निघाल्या होत्या. पुढे आकडा पन्नास हजारांच्या घरात जातो.

खरं सांगायचं तर तो बातमीदार सगळं खोटं लिहीत नव्हता. माणसं भुशात लोळत होती, ओरडत होती. मला तिथे तासभरही बसवलं नसतं. पण त्याला आवाज तेवढा ऐकू आला, फळीवरचा शेजार बातमी म्हणून दिसला नाही; दिसला तो थट्टेचा विषय म्हणून.

ऑक्टोबरात गुरू येतो. आपल्या शिष्याची कीर्ती ऐकून पारहॅम अझुसाला पोचतो. सीमोर त्याला आदराने पुढे करतो. पारहॅम भोवती पाहतो: गोऱ्या बायका काळ्या पुरुषांशेजारी गुडघे टेकून बसल्यात, एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतायत. तो जाहीरपणे त्यांची निर्भर्त्सना करतो. देवालाच याची किळस येईल, अशा अर्थाचं तो बोलला असं सांगतात. दोन-तीन प्रवचनांनंतर मंडळीतले वडीलधारे त्याला जायला सांगतात. तो जवळच दुसरी सभा मांडतो. बोळात बसवलेला शिष्य आणि वर्गातला गुरू यांचा हिशेब इथेच मिटतो.

पण महिनाभर थांबा, कारण नॉर्थ कॅरोलिनातून गॅस्टन कॅशवेल येतोय. गोरा दक्षिणी पाळक, अख्खा देश ओलांडून आगगाडीने आलेला. सभेत एक काळा तरुण त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला येतो आणि कॅशवेलच्या अंगावर शहारा येतो. तो उठून आपल्या खोलीवर जातो. तुम्ही त्याच्या मागे जाऊ नका, त्याला एकट्याला भांडू द्या स्वतःशी. काही दिवसांनी तो परत येतो आणि काळ्या तरुणांनाच म्हणतो, माझ्या डोक्यावर हात ठेवा. तो निघाला तेव्हा अझुसाच्या लोकांनी त्याला नवा सूट आणि परतीचं भाडं दिलं, असं सांगितलं जातं. ३१ डिसेंबरला नॉर्थ कॅरोलिनातल्या डनमध्ये, तंबाखूच्या गोदामात, त्याने अशाच सभा सुरू केल्या.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जातो. बेसुंती, म्हणजे यहुदी नसलेल्या, माणसाच्या घरी पाऊल ठेवायचं नाही, हा त्याच्या जन्माचा नेम. कर्नेल्याच्या घरावर आत्मा उतरतो आणि पेत्राला मान्य करावं लागतं की देव पक्षपात करत नाही. तो अध्याय सहसा कर्नेल्याच्या धर्मांतराची गोष्ट म्हणून सांगतात. कॅशवेलला पाहिल्यावर वाटतं, तिथे खरा पालट पेत्राचा झाला.

आता एक उडी घ्या, वर्षभर मागे आणि अर्धी पृथ्वी ओलांडून. जून १९०५, केडगाव, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पहाटे एका मुलीला आपल्याला आग लागलीय असं वाटतं. शेजारच्या मुलीलाही ती ज्वाळा दिसते आणि ती बादली आणायला धावते. मग प्रार्थना, रडणं, पापांची कबुली यांचं वादळ शेकडो मुलींतून फिरतं. अझुसाच्या दहा महिने आधीची ही गोष्ट. अझुसाच्या पत्रातही हिंदुस्थानातल्या जागृतीची बातमी छापून आली, तिथल्या लोकांना हे खुद्द देवानेच शिकवलं असा उल्लेख करून.

या मुली कोण, ते नीट पाहा. बालविधवा, १८९६ नंतरच्या दोन मोठ्या दुष्काळांत गुजरात नि मध्य हिंदुस्थानातून आणलेल्या, निरनिराळ्या जातींच्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा याच रमाबाईंनी विधवांना आपापले जातीचे नेम पाळायची मुभा ठेवली होती. केडगावात एकत्र राहणं, एकत्र रांधणं. मुक्तीतल्या मिनी अॅब्रम्स यांनी या जागृतीवर छोटं पुस्तक लिहिलं. त्याची प्रत चिलीत वालपराइसोला हूव्हर या मिशनरी दांपत्याकडे गेली, आणि १९०९ मध्ये तिथे उठलेल्या चळवळीतून चिलीतली पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. दक्षिण अमेरिकेतल्या त्या ख्रिस्ती घराण्याचं एक मूळ केडगावात आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

सीमोर आणि रमाबाई कधी भेटले नाहीत. पण दोघंही एकाच निष्कर्षाला आले. अन्य भाषा ही आत्म्याची एकमेव खूण नव्हे, त्याने बदललेलं वागणं, प्रेम, ही खरी खूण, असं रमाबाईंनी मुक्तीच्या पत्रकात मांडलं. सीमोरही वर्षा-दोन वर्षांत तेच शिकवू लागला. कारण भाषा बोलणारी माणसं त्याने पाहिली होती आणि तीच माणसं दुसऱ्या फळीवर सरकतानाही पाहिली होती.

पुढची वर्षं भराभर जातील, जाऊ द्या. १९०८ मध्ये सीमोर जेनी मूरशी लग्न करतो. पत्राचं काम पाहणारी गोरी क्लारा लम वाचकांच्या पत्त्यांच्या याद्या घेऊन पोर्टलंडला निघून जाते, आणि सीमोरचा आवाज जगाला ऐकू येणं बंद होतं. १९११ मध्ये तो दौऱ्यावर असताना शिकागोचा विल्यम डरहॅम अझुसाला सभा गाजवतो, निराळी शिकवण देऊन. सीमोर परततो आणि डरहॅमसाठी दाराला कुलूप घालतो. ज्याच्या तोंडावर दार बंद झालं होतं त्यानेच हे केलं. तुम्ही दाराशी उभे असाल तर डरहॅमच्या मागून निघून जाणारी गर्दीही दिसेल.

१९१४ मध्ये आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्जला 'असेंब्लीज ऑफ गॉड' ही संघटना निघते. जमलेले पाळक जवळजवळ सगळे गोरे. पुढच्या वर्षी सीमोर आपल्या मंडळीची नियमावली छापतो: पदं कृष्णवर्णीयांनाच, गोऱ्या भावांवर प्रेम मात्र सोडू नये. हा नियम लिहिणारा माणूस कडवट झाला होता असं मी म्हणणार नाही. त्याने अनुभवाची नोंद केली. २८ सप्टेंबर १९२२ रोजी तो वारला. जेनीने काही वर्षं मंडळी सांभाळली. १९३१ मध्ये इमारत पाडली.

तारण सर्वांसाठी आहे, हे बोलायला या सगळ्यांतल्या कुणाचीच हरकत नव्हती. पारहॅमचीही नव्हती. हरकत होती ती फळीला. म्हणून तारणाचा दावा ऐकताना प्रवचन कमी ऐकावं आणि बैठक जास्त पाहावी, चर्च असो की आणखी काही.

१९४८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी एकीसाठी संघटना काढली आणि तिच्यात एकही कृष्णवर्णीय मंडळी घेतली नाही. १९९४ च्या ऑक्टोबरात मेम्फिसमध्ये ती संघटना विसर्जित करून दोन्ही बाजूंची मिळून नवी स्थापली गेली. तिथे एका गोऱ्या पाळकाने बिशप इथिएल क्लेमन्स यांचे पाय धुतले. क्लेमन्स कृष्णवर्णीय होते, आणि नव्या संघटनेचे पहिले अध्यक्ष तेच झाले. अझुसाला ८८ वर्षं झाली होती.