आरिका-ताक्ना : सार्वमताविना आखलेली सीमा

चिली व पेरू यांच्या सीमेवरील आरिका-ताक्ना हा किनारी प्रदेश अटाकामा वाळवंटात मोडतो. आरिका येथे वर्षाकाठी सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही. साहजिकच शेती व ऑलिव्हच्या बागा अझापासारख्या खोऱ्यांतच एकवटल्या. १८७९ मध्ये सुरू झालेल्या पॅसिफिक युद्धात चिलीने हा प्रदेश जिंकला. १८८३ च्या अँकॉन तहानुसार दहा वर्षांनी सार्वमत घ्यावयाचे होते. ते कधीच झाले नाही. १९२९ च्या लिमा तहाने ताक्ना पेरूला मिळाले, आरिका चिलीकडे राहिले. रहिवाशांचा कौल मात्र घेतलाच गेला नाही. शिवाय, परस्परसंमतीविना यातील भूभाग तिसऱ्या राष्ट्रास देता येणार नाही, असे पूरक करारात ठरले. परिणामी, त्याच युद्धात किनारा गमावलेल्या बोलिव्हियाला आरिकालगत भूपट्टा देण्याचा चिलीचा १९७५ मधील प्रस्ताव पेरूच्या संमतीवाचून अडला.