प्राप्तिकराचे टप्पे : दर, सवलत आणि कुटुंब

उत्पन्नाचे ठरावीक भाग पाडून प्रत्येक भागावर चढत्या दराने कर आकारण्याची पद्धत. अर्थशास्त्रात हिला प्रगतिशील किंवा वर्धमान करपद्धती म्हणतात. बोलण्यात मात्र ‘स्लॅब’ हाच शब्द रुळला आहे. भारतात प्राप्तिकर १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी आणला. पुढे १९२२ आणि १९६१ चे कायदे झाले. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ने घेतली. या नोंदीतील हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनुसार केले आहेत.

टप्प्यांचा हिशेब. नव्या करपद्धतीत (जुनीही निवडता येते, ती शेवटी पाहू) पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही. पुढे दर ४ लाखांना ५, १०, १५, २० व २५ टक्के असे दर चढत जातात आणि २४ लाखांच्या वरच्या रकमेला ३० टक्के दर लागतो. आलेल्या करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर असतो. वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो, खालच्या टप्प्यांचा हिशेब जागचा हलत नाही. करपात्र उत्पन्न १६ लाख असलेल्याचा कर १,२०,००० रुपये होतो. त्याला १०,००० रुपयांची वाढ मिळाली तर २० टक्के दर त्या दहा हजारांपुरताच लागेल. कर २,००० रुपयांनी, उपकर धरून २,०८० रुपयांनी वाढेल आणि ७,९२० रुपये हाती राहतील. ‘वाढ नको, स्लॅब बदलेल’ असे कचेऱ्यांतून दर मार्चमध्ये ऐकू येते, ते टप्प्यांपुरते तरी निराधार आहे. शेवटच्या रुपयाला लागतो तो सीमांत दर. एकूण कर भागिले एकूण उत्पन्न हा सरासरी दर. वरील उदाहरणात सीमांत दर २० टक्के आहे, पण सरासरी दर उपकरासह ८ टक्क्यांच्या आतच राहतो.

सगळेच कर असे चालत नाहीत. महाराष्ट्राचा व्यवसाय कर १९७५ चा, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी आणलेला. त्यात पुरुष कर्मचाऱ्याचा मासिक पगार १०,००० पर्यंत असेल तर (७,५०० च्या वर) महिना १७५ रुपये कापतात. पगार दहा हजारांवर एक रुपयाने जरी गेला, तरी महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. म्हणजे वर्षाचे २,१०० चे एकदम २,५०० होतात. फेब्रुवारीच्या पगारपत्रकातले जादा शंभर रुपये पाहून नवा कर्मचारी हमखास चौकशी करतो. एका रुपयासाठी सगळी रक्कम बदलावी, असे येथे खरोखरच घडते.

सवलतीचा कडा. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य सर्वतोमुखी झाले. प्रत्यक्षात करमुक्त मर्यादा ४ लाखच आहे. १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला कमाल ६०,००० रुपयांची करसवलत मिळते. १२ लाखांवरचा कर नेमका तेवढाच येत असल्याने देय रक्कम शून्य होते. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट असल्याने त्याच्यासाठी ही रेषा १२.७५ लाखांवर येते. अनिवासी भारतीयांना ही सवलत नाही. शेअर विकून झालेल्या नफ्यावर खास दराने बसणारा करही तिने माफ होत नाही.

रेषा ओलांडली की सवलत पूर्ण जाते. मग १२,१०,००० रुपयांवर ६१,५०० रुपये कर बसला असता. तसे होऊ नये म्हणून सीमांत दिलासा दिला आहे : रेषेवर जेवढे जादा मिळवले, त्याहून अधिक कर नको. म्हणून या व्यक्तीचा कर १०,००० वर थांबतो. पण त्यावर ४०० रुपये उपकर लागतोच. दहा हजार जादा मिळवून तिच्या हाती आधीपेक्षा ४०० रुपये कमी उरतात. सुमारे १२,७०,५८८ रुपयांपर्यंत हीच गत असते. या सत्तर हजारांच्या पट्ट्यात सीमांत दर १०४ टक्के होतो. २४ लाखांवरच्या माणसाला ३० टक्के (अधिक उपकर) आणि बारा लाखांच्या उंबरठ्यावरच्याला १०४, ही वर्धमान करपद्धतीतली ठळक विसंगती आहे. पगारवाढीची भीती इथे मात्र अनाठायी नाही. असाच कडा ५० लाखांवर येतो. तिथे संपूर्ण करावर १० टक्के अधिभार लागू होतो, आणि तिथेही सीमांत दिलासा आहे.

कुटुंबे. भारतात टप्पे व्यक्तीला लागतात, घराला नाही. घरात खाणारी तोंडे किती, याची चौकशी ते करत नाहीत. पूर्वी थोडी होत असे. चिंतामणराव देशमुखांच्या १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात विवाहितांसाठी २,००० आणि अविवाहितांसाठी १,००० रुपये करमुक्त ठेवले होते. आता तसा भेद उरलेला नाही.

त्याचा परिणाम समान उत्पन्नाच्या दोन घरांत दिसतो. पहिल्या घरात एकाच व्यक्तीचा वार्षिक पगार २० लाख. प्रमाणित वजावटीनंतर १९.२५ लाखांवर कर १,८५,०००, उपकरासह १,९२,४०० रुपये. दुसऱ्या घरात पती-पत्नी दोघांचा पगार प्रत्येकी १० लाख. दोघेही सवलतीच्या रेषेखाली, त्यामुळे घराचा कर शून्य. दोन्ही घरांत येणारा पैसा सारखाच. दुसरा पगार मिळवायला प्रवास, पाळणाघर, बाहेरचे जेवण असा खर्च येतो हे मान्य केले, तरी जवळजवळ दोन लाखांचा फरक त्याने भरून निघतोच असे नाही. एकटीच्या कमाईवर मुले आणि सासू-सासरे सांभाळणाऱ्या विधवेला हा हिशेब सर्वांत महाग पडतो.

उत्पन्न कागदोपत्री वाटून घेण्याची वाट कायद्याने बंद केली आहे. पतीने पत्नीच्या नावे ठेव ठेवली तर व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवतात. अज्ञान मुलाच्या नावावरचे उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या खात्यात जाते. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने मिळवलेले पैसे तेवढे वेगळे धरतात. हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र पॅन आणि स्वतंत्र टप्पे मिळतात, पण ६०,००० रुपयांची करसवलत मिळत नाही.

टप्पे व्यक्तीला लागतात या नियमाला मोठा अपवाद गोव्यात आहे. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे तेथे विवाहानंतर मालमत्ता सामान्यतः दोघांची सामाईक होते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५अ ने याची दखल घेतली. अशा दांपत्याचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न पती व पत्नी यांच्यात समान वाटून कर आकारला जातो. हे कलम १९९४ मध्ये घातले गेले, पण ते १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाले. सावंतवाडीतील एखाद्या दुकानदाराचा निव्वळ नफा २० लाख आणि पत्नीचे उत्पन्न शून्य असेल, तर तो २,०८,००० रुपये भरेल. तेरेखोल नदीपलीकडे पेडण्यात, संहिता लागू असलेल्या त्याच्यासारख्याच दांपत्याचे उत्पन्न प्रत्येकी १० लाख धरले जाईल आणि कर शून्य येईल. नुसते गोव्यात राहायला जाऊन हा लाभ मिळत नाही. संहिता त्या दांपत्याला लागू असावी लागते. पगाराचे उत्पन्न मात्र गोव्यातही ज्याचे त्याचेच.

काही देश हा प्रश्न सरसकट वेगळ्या रीतीने सोडवतात. अमेरिकेत १९४८ पासून एकत्रित विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याचे उत्पन्न दोघांत विभागून कर आकारण्याची सोय झाली. फ्रान्समध्ये १९४५ पासून घराचे उत्पन्न भागताना मुलेही धरली जातात. उलट ब्रिटनने १९९० मध्ये पत्नीचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळवण्याची प्रथा बंद केली.

शेतीचे उत्पन्न. शेतीवर केंद्राचा प्राप्तिकर नाही, पण नोकरी आणि शेती दोन्ही असलेल्यांच्या टप्प्यांवर तिचा परिणाम होतो. शेतीवरील कराचा विचार करणाऱ्या राज समितीच्या १९७२ च्या शिफारशीनंतर १९७३ मध्ये दर ठरवण्यापुरते शेतीचे उत्पन्न मिळवण्याची तरतूद आली. समजा नाशिकमधील एका अधिकाऱ्याचे करपात्र उत्पन्न १४ लाख आणि द्राक्षबागेचे ६ लाख आहे. दोन्ही मिळून २० लाखांवर कर २,००,०००. त्यातून शेतीचे ६ लाख अधिक करमुक्त ४ लाख, म्हणजे १० लाखांवरचे ४०,००० वजा करतात. उरले १,६०,०००. बाग नसती तर कर ९०,००० आला असता. बागेवर कर नाही हे खरे, पण तिच्यामुळे पगार वरच्या टप्प्यात ढकलला जातो.

दरांचा इतिहास. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना दोन लाखांवरच्या उत्पन्नाचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. अवाजवी दर हे करचुकवेगिरीचे प्रमुख कारण आहे, असा निष्कर्ष प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांछू समितीने काढला. पुढे चव्हाणांनीच १९७४-७५ मध्ये हा दर ७७ टक्क्यांवर आणला. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ मध्ये कमाल दर ५० टक्के आणि टप्पे आठाऐवजी चार केले. १०, २० व ३० टक्क्यांची रचना चिदंबरम यांच्या १९९७ च्या अर्थसंकल्पातली.

जुनी की नवी पद्धत. जुन्या पद्धतीत अडीच लाख करमुक्त, नंतर ५ लाखांपर्यंत ५, १० लाखांपर्यंत २० आणि पुढे ३० टक्के असे दर आहेत. करमुक्त मर्यादा साठीनंतर ३ लाख, ऐंशीनंतर ५ लाख होते. नव्या पद्धतीत वयाचा विचार नाही. जुनीत विमा, भविष्य निर्वाह निधी, घरभाडे भत्ता, राहत्या घराच्या कर्जावरील व्याज अशा वजावटी मिळतात. २० लाख पगाराला ती परवडायची तर ५०,००० ची प्रमाणित वजावट सोडून आणखी ७ लाख ८ हजारांच्या वजावटी हव्यात. गुंतवणुकीचे दीड लाख आणि व्याजाचे दोन लाख घेऊनही त्याची निम्मीच मजल गाठली जाते. मुंबईत मोठे भाडे भरणारे सोडले, तर फारच थोड्या पगारदारांना हे जमेल. पगारदाराला दर वर्षी निवड बदलता येते. धंद्याचे उत्पन्न असलेल्याला जुनी स्वीकारून नवीकडे परतण्याची संधी एकदाच मिळते. निवड केली नाही तर नवीच लागू होते, आणि जुनी हवी असल्यास विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते.