विम्याच्या कागदावरचे शब्द : सही करण्यापूर्वी समजून घ्या

विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडले होते. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, सर्वसाधारण विम्याचे १९७२ च्या कायद्याने. आता खासगी कंपन्याही आहेत आणि वस्त्या-वस्त्यांत पॉलिसी विकली जाते. विकणारा हप्ता सांगतो, मिळणारी रक्कम सांगतो. अटी मात्र रुग्णालयाचे बिल हातात पडल्यावर कळतात. आमच्याकडे नाकारलेले दावे घेऊन लोक येतात, तेव्हा बहुतेक वेळा गाडी दोन-तीन शब्दांवरच अडलेली असते.

त्यातला पहिला शब्द 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज', म्हणजे आधीपासूनचा आजार. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा ज्यावर उपचार घेतले तो आजार यात मोडतो. असा आजार असला म्हणजे विमा मिळतच नाही, हा गैरसमज आहे. त्या आजाराच्या खर्चासाठी काही काळ थांबावे लागते, त्याला 'वेटिंग पिरियड' म्हणतात. एप्रिल २०२४ पासून तो तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

अडचण होते ती फॉर्म भरताना. फॉर्म एजंट भरतो, मधुमेह-रक्तदाबापुढे 'नाही' लिहितो आणि आपण सही करतो. घरकाम करणाऱ्या एका ताईंच्या बाबतीत हेच झाले. साखरेच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी रुग्णालयाच्या फाईलमध्ये निघाली आणि माहिती लपवली म्हणून दावा फेटाळला गेला. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. लग्न जमवताना तो लपवला जातो, तीच सवय इथे नको. वाहक आहात की रुग्ण, हे फॉर्मवर स्पष्ट लिहा.

पॉलिसी सलग ६० महिने चालली, तर त्यानंतर माहिती दिली नव्हती या कारणावरून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. यालाच 'मोरॅटोरियम' म्हणतात. हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली, तर मात्र ही मोजणी तुटते.

दुसरा शब्द 'रूम रेंट लिमिट'. समजा, मर्यादा दिवसाला ३,००० रुपये आहे आणि आपण ६,००० ची खोली घेतली. फरक फक्त भाड्याचाच भरायचा, असे सगळ्यांना वाटते. पण अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, नर्सिंग, शस्त्रक्रियागृहाचा खर्च हेही त्याच प्रमाणात कापले जाते, म्हणजे एक लाखाचे पन्नास हजारच मिळतात. औषधे, तपासण्या आणि इम्प्लांटवर ही कपात लावता येत नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथेही लावता येत नाही. लावलेली दिसली तर लेखी हरकत घ्या.

'को-पे' म्हणजे प्रत्येक दाव्यातला ठरावीक टक्के वाटा आपला. 'डिडक्टिबल' म्हणजे सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरायची, कंपनी त्यावरचे देते. स्वस्त पॉलिसीत यांपैकी काहीतरी बहुधा असतेच. गाडीच्या विम्यात कायद्याने सक्तीचा असतो तो 'थर्ड पार्टी', त्यातून समोरच्याची नुकसानभरपाई मिळते. आपली दुचाकी चोरीला गेली तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. त्यासाठी 'ओन डॅमेज' घ्यावा लागतो आणि भरपाई 'आयडीव्ही' या घसारा वजा केलेल्या किमतीपर्यंतच मिळते.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस 'फ्री लूक' असतो. या काळात वाचून पटली नाही तर परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. ते ३० दिवस वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी आई-वडिलांचे कागद वाचण्यासाठी वापरावेत.

दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून नकार फोनवर ऐकून सोडून देऊ नका, तारखेसह लेखी मागा.